खूण पटण्याची किंमत

माझ्या टेबलावर माझ्याच प्रबंधाची चार जुनी प्रकरणे पडून आहेत. चारही प्रकरणांच्या समासात सरांचे शेरे आहेत. पहिल्या प्रकरणावरचे अक्षर टपोरे, शिरोरेषा एका दमात ओढलेली, वेलांट्या ऐटदार. दुसऱ्या प्रकरणात ते थोडे आटले आहे. चौथ्यापर्यंत येता येता हरभऱ्याएवढे अक्षर मोहरीएवढे झाले आहे. आणि प्रत्येक ओळीतला पहिला शब्द त्यातल्या त्यात मोठा, तर शेवटचा शब्द भिंगावाचून न लागणारा आहे. आम्ही विद्यार्थी त्यावर विनोद करीत असू. सर आता कागद वाचवू लागले आहेत, असे म्हणत असू. पुढे त्यांचा आवाज खाली गेला, तेव्हा मागच्या बाकांवरून तक्रारी आल्या. चेहऱ्यावरचे हसू कमी झाले, तेव्हा निवृत्ती जवळ आली की माणूस कडू होतोच, असा निर्वाळा आम्ही देऊन टाकला. पहिल्या प्रकरणावर शेरे लिहिले त्यानंतर सहा वर्षांनी एका सभेत मांडीवर विसावलेला त्यांचा उजवा हात आपोआप थरथरू लागला आणि मग त्या साऱ्याला एक नाव मिळाले : पार्किन्सन्स. ज्याला आपण मराठीत कंपवात म्हणतो, तो.

वाचन हाच ज्यांचा व्यवसाय, अशा दहाबारा माणसांच्या डोळ्यांसमोर हा मजकूर सहा वर्षे लिहिला जात होता आणि एकालाही तो वाचता आला नाही. ह्यात आमचा दोष किती, हे मी बरीच वर्षे स्वतःला विचारीत आलो. आता मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. ज्या वैद्यकशास्त्राला हा मजकूर वाचता यायला हवा, त्यालाही तो अजून नीट का वाचता येत नाही, आणि वाचायला शिकण्याचा खर्च कोणी करायचा, हा खरा प्रश्न आहे. तो खर्च आपण करायला हवा, आणि तो टाळण्यासाठी सुशिक्षित माणसे जी कारणे पुढे करतात ती टिकणारी नाहीत, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

जेम्स पार्किन्सन ह्या लंडनच्या वैद्याने १८१७ साली ह्या विकारावर एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. निरीक्षणपर गद्याचा नमुना म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्याने तो जरूर वाचावा. त्यात सारे सहाच रुग्ण आहेत आणि त्यांतले काही तर रस्त्यात गाठ पडलेले किंवा नुसते दुरून पाहिलेले आहेत. प्रस्तावनेत लेखकाने क्षमा मागितली आहे : आपल्यापाशी शवविच्छेदनाचा पुरावा नाही, तर्कावर भागवावे लागत आहे, तेव्हा शरीररचनेच्या अभ्यासकांनी इकडे लक्ष द्यावे. म्हणजे ह्या रोगावरील संशोधनाची पहिली मागणी खुद्द पार्किन्सन ह्यांनीच करून ठेवली आहे. त्याला दोनशेहून अधिक वर्षे लोटली. आजही बहुतेक ठिकाणी निदान होते ते डोळ्यांनीच. तज्ज्ञ रुग्णाला चालायला लावतात, अंगठ्यावर बोट आपटायला सांगतात, मनगट फिरवून ताठरपणा अजमावतात, चेहऱ्याकडे पाहतात. मधुमेह्याच्या रक्तातली साखर मोजता येते, रक्तदाबाला आकडा आहे, तापाला पारा आहे. पार्किन्सन्सचा असा आकडा नित्याच्या दवाखान्यात अजून आलेला नाही.

डोळ्यांना दिसते तेही फार उशिरा. मध्यमस्तिष्कात ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ नावाचा एक काळसर पट्टा असतो. त्यातल्या पेशी डोपामीन हे द्रव्य तयार करतात आणि आपली हालचाल सुरळीत ठेवतात. हात थरथरू लागतो तोवर ह्या पेशींचा मोठा हिस्सा नाहीसा झालेला असतो. वास न येणे, बद्धकोष्ठ, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणे ह्या गोष्टी त्याआधी कित्येक वर्षे सुरू झालेल्या असू शकतात. पण त्या इतक्या सामान्य आहेत की त्यांवरून कुणाचे निदान करता येत नाही. १९६७ साली जॉर्ज कोट्झियस ह्यांनी लेव्होडोपा मोठ्या मात्रेत पोटात देऊन रुग्ण चालते करून दाखवले. आजही तेच मुख्य औषध आहे. ते हालचाल परत देते, मात्र पेशींचा ऱ्हास थांबवीत नाही. ऱ्हास थांबवणारे किंवा मंदावणारे एकही औषध आजवर निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

का नाही? बुद्धिमान माणसे कमी पडली असे तर दिसत नाही. एक कारण असे, की ज्याची खूण नाही त्याचे मोजमाप नाही, आणि ज्याचे मोजमाप नाही त्यावरचे औषध लागू पडले की नाही हे सांगता येत नाही. बायोमार्कर म्हणजे अशी शरीरातील खूण : रक्तात, त्वचेत, पाठीच्या कण्यातील द्रवात किंवा मेंदूच्या प्रतिमेत दिसणारी, मोजता येणारी. तिच्या अभावी काय घडते ह्याचे एकच उदाहरण देतो. लेव्होडोपाच्या परिणामांविषयी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या चाचणीत १४२ जणांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या होत्या. त्यांतल्या २१ जणांत डोपामीनची उणीव दिसलीच नाही. निष्णात तज्ज्ञांनी निवडलेल्या, रोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या माणसांची ही कथा. प्रत्येक सातांतला एक जण बहुधा भलत्याच रांगेत उभा होता. अशा रांगेवर नवे औषध अजमावून ते निरुपयोगी ठरले, तर दोष औषधाचा की रांगेचा?

ही शंका आजही संपलेली नाही. अल्फा-सायन्युक्लिन ह्या प्रथिनावर नेम धरून बनवलेल्या दोन प्रतिपिंडांच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही आपल्या मुख्य उद्दिष्टात अयशस्वी ठरल्या. मधुमेहावरचे एक्झेनाटाइड पार्किन्सन्सची गती मंदावील अशी मोठी आशा होती. त्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा निकाल २०२५ साली आला आणि तीही मावळली. ही औषधे खरोखरच निरुपयोगी असतील. अथवा ती उशिरा दिली गेली असतील, किंवा एकाच नावाखाली वावरणाऱ्या दोनतीन निरनिराळ्या रोगांना मिळून दिली गेली असतील. ह्या शक्यता वेगळ्या करण्याचे साधन हाताशी नसताना दर चाचणीवर कोट्यवधी रुपये खर्च होतात.

२०२३ साली ह्या अंधारात एक ठोस गोष्ट घडली. अल्फा-सायन्युक्लिन हे प्रथिन रोगात चुकीच्या घडीत दुमडते आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तशीच घडी घालायला लावते. आपल्या घरातले विरजण नेमके असेच काम करते : चमचाभर दही पातेलेभर दुधाला आपल्यासारखे करून घेते. ह्याच गुणाचा उपयोग करून चाचणी तयार झाली. रुग्णाच्या पाठीच्या कण्यातील द्रव घ्यायचा, त्यात निरोगी प्रथिन घालायचे आणि विरजण लागते का ते पाहायचे. १,१२३ जणांवर केलेल्या ह्या अभ्यासात पार्किन्सन्सच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांत ते लागले. रोगाची लक्षणे अजून उमटायची आहेत अशा काही माणसांतही लागले. ज्या दीर्घ अभ्यासातून हे निष्पन्न झाले, तो २०१० साली सुरू झाला होता. तेरा वर्षे त्याच माणसांना पुन:पुन्हा बोलावून त्यांची तपासणी होत राहिली आणि नमुने शीतगृहात साठत राहिले. दर वर्षी ‘ह्या वर्षी काय मिळाले’ असे विचारणारा धनको असता, तर तो अभ्यास तिसऱ्याच वर्षी बंद पडला असता.

ह्या चाचणीचा जयजयकार मात्र मला करायचा नाही. तिच्यासाठी पाठीच्या कण्यात सुई घालावी लागते. विरजण आहे की नाही एवढे ती सांगते, किती आहे आणि वाढते आहे का हे भरवशाने सांगत नाही. ‘एलआरआरके २’ ह्या जनुकातील दोषामुळे ज्यांना रोग होतो, त्यांच्यात ती सुमारे दोनतृतीयांश वेळाच होकार देते. म्हणजे खूण सापडली आहे, पण अर्धीच.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. उपाय नसलेल्या रोगाची खूण आधी कळून माणसाने करायचे काय? सरांना सहा वर्षे आधी कळले असते, तर त्यांची सहा सुखाची वर्षेच आपण हिरावून घेतली नसती काय? मला हा आक्षेप मान्य आहे. ज्याला कळून घ्यायचे नाही त्याच्यावर निदान लादू नये. परंतु बायोमार्करचे पहिले काम रुग्णाला बातमी देण्याचे नाही. औषध योग्य माणसांवर, योग्य वेळी अजमावणे आणि ते लागू पडते की नाही हे चार वर्षांऐवजी एका वर्षात कळणे, हे त्याचे पहिले काम. उपाय नाही म्हणून खूण नको असे म्हणणारा, खूण नाही म्हणून उपाय नाही ही दुसरी बाजू विसरतो.

आता त्या तीन कारणांकडे वळतो. एका महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात चहाच्या वेळी मी हा विषय काढला, तेव्हा ती तिन्ही पाच मिनिटांत माझ्यापुढे आली. बोलणारी माणसे वाईट नव्हती. चांगली, वाचलेली माणसे होती. म्हणूनच ती कारणे गांभीर्याने घ्यायला हवीत.

पहिले कारण : आपला देश गरीब आहे, जेथे प्राथमिक आरोग्यकेंद्रात डॉक्टर नाही तेथे असले संशोधन ही चैन आहे. ह्यातला कळवळा खरा आहे, हिशेब मात्र चुकीचा. एका जागतिक पाहणीनुसार १९९० साली जगात पार्किन्सन्सचे सुमारे २५ लाख रुग्ण होते, २०१६ साली ते ६१ लाख झाले. त्यांपैकी सुमारे ५ लाख ८० हजार भारतात होते. आयुर्मान वाढते आहे, म्हणजे हा आकडाही वाढणार. ही चूटपूट संख्या नव्हे. पैशाचे म्हणाल, तर संशोधन व विकासावरचा भारताचा एकूण खर्च २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. चीन दोन टक्क्यांच्या पुढे आहे. २०२३ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला, पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांची घोषणा झाली. पण त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून येईल असे गृहीत धरलेले होते. २०२५ साली एक लाख कोटी रुपयांची दुसरी योजना मंजूर झाली. ती मुख्यतः खासगी क्षेत्राला, बाजाराच्या जवळ पोचलेल्या तंत्रज्ञानासाठी, दीर्घ मुदतीचे स्वस्त भांडवल देणारी आहे. म्हणजे पैसा अगदीच नाही असे नाही. तेरा वर्षे माणसांना बोलावून त्यांचे अक्षर, झोप, वास, रक्त तपासणाऱ्या कामासाठी तो नाही, कारण त्या कामातून विकायला काढण्याजोगे काही लगेच निघत नाही.

आणि प्राथमिक आरोग्यकेंद्राचा दाखला तर उलटा लागू पडतो. आपले बहुसंख्य मेंदूविकारतज्ज्ञ मोठ्या शहरांत आहेत. कण्यातील द्रव काढून तो विशेष प्रयोगशाळेकडे पाठवणे किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून मेंदूची प्रतिमा घेणे तालुक्याच्या गावी होणार नाही. ज्या देशात तज्ज्ञ मुबलक आहेत तो देश खुणेवाचून एक वेळ निभावून नेईल. आपल्याला बोटाच्या टोकावरच्या थेंबात, कातडीवरच्या तेलकटपणात, फोनवर बोललेल्या चार वाक्यांत सापडेल अशी स्वस्त खूण हवी आहे. हे दिवास्वप्न नाही. स्कॉटलंडमधील जॉय मिल्न ह्या परिचारिकेला आपल्या पतीच्या अंगाचा वास बदलल्याचे निदानाच्या कितीतरी वर्षे आधी जाणवले होते. मँचेस्टरच्या रसायनतज्ज्ञांनी ती गोष्ट हसण्यावारी नेली नाही आणि त्वचेच्या स्निग्ध स्रावातले त्या वासामागचे रेणू शोधून २०१९ साली ते प्रसिद्ध केले. ज्या दिशेने शोध घेण्याची गरज आपल्याला सर्वांत जास्त आहे, ती दिशा चैनीची आहे असे म्हणणे हा आपल्याच गरिबांवर अन्याय आहे.

दुसरे कारण : शोध परदेशात लागेलच, आपण मग ते औषध स्वस्तात बनवू. ह्यात थोडा कावेबाजपणा आणि बरेच अज्ञान आहे. परदेशातला शोध परदेशातल्या शरीरांवर लागतो. ‘एलआरआरके २’मधला ‘जी २०१९ एस’ हा बदल उत्तर आफ्रिकेतील काही समूहांत आणि अश्केनाझी ज्यूंमध्ये बऱ्यापैकी आढळतो. त्यावर नेम धरून औषधे विकसित होत आहेत. गूगलच्या संस्थापकांपैकी एक सर्गेई ब्रिन ह्यांनी आपल्याला हाच बदल वारशाने मिळाल्याचे २००८ साली जाहीर केले आणि पार्किन्सन्सच्या संशोधनाला प्रचंड देणग्या दिल्या. त्यांचे औदार्य निर्विवाद आहे. पण भारतीय रुग्णांत हा बदल अत्यंत विरळा आहे. उलट दिशेचे उदाहरण नायजेरियाचे. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांचा अभ्यास प्रथमच मोठ्या प्रमाणावर झाला, तेव्हा ‘जीबीए १’ ह्या जनुकात युरोपीय माणसांत न दिसलेला एक बदल सापडला. वर्ष होते २०२३. तोवर तो कुणाला दिसला नव्हता, कारण कुणी पाहिलेच नव्हते.

आपल्याकडे कोण पाहते आहे? मुंबईच्या पारशी समाजाची घरोघर पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली, तीत एक लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले. त्या काळी जगात नोंदल्या गेलेल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी ते एक होते. भारतीय रुग्णांच्या जनुकरचनेचा अलीकडचा मोठा अभ्यास भारतीय डॉक्टरांनीच उभा केला. त्याला पैसा मिळाला तो मायकेल जे. फॉक्स प्रतिष्ठानाचा. फॉक्स हे अमेरिकी अभिनेते. त्यांना १९९१ साली ह्या रोगाचे निदान झाले, १९९८ साली त्यांनी ते जाहीर केले, २००० साली प्रतिष्ठान काढले. त्या प्रतिष्ठानाने आजवर दोन अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम संशोधनात घातली आहे. त्यांच्याविषयी मला कृतज्ञताच आहे. पण भारतातल्या लक्षावधी रुग्णांच्या जनुकांत काय आहे हे विचारायला हॉलिवूडमधला एक अभिनेता आजारी पडावा लागला, ही गोष्ट कृतज्ञतेने झाकता येत नाही. दुसऱ्याच्या तिजोरीची शाश्वतीही नसते. २०२५ साली अमेरिकेच्या संघराज्य सरकारने वैद्यकीय संशोधनाची कितीतरी अनुदाने मध्येच खंडित केली, हे सर्वांनी पाहिले.

प्रश्नाला जो पैसे देतो, तोच प्रश्नाची भाषा ठरवतो. भाषेच्या अभ्यासकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. फ्रान्सने २०१२ साली कीटकनाशकांशी संबंध येणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन्स हा व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा आपण त्या मृत्यूंची मोजदाद केली. जे वाचले, जे वर्षानुवर्षे पाठीवर पंप घेऊन फवारतात, त्यांच्या मेंदूचे वीस वर्षांनी काय होते, हा प्रश्न बॉस्टनमध्ये किंवा लंडनमध्ये कुणाला पडावा? तो आपल्यालाच पडला पाहिजे, आणि उत्तर मिळेपर्यंत वीस वर्षे त्याला पोसलेही पाहिजे.

तिसरे कारण : हे सारे आपल्याकडे आधीच होते. कंपवात आयुर्वेदाला ठाऊक होता, कवचबीज त्यावर देत असत, आणि कवचबीजात लेव्होडोपा असतो. शेवटचे विधान अगदी खरे आहे. मद्रासमध्ये एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी ह्या दोघांनी १९३७ साली कवचबीजातून लेव्होडोपा वेगळा काढून दाखवला. दुसराही एक धागा आपल्या हाती होता. सर्पगंधेचा रक्तदाबावर होणारा परिणाम मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला. सर्पगंधेतून पुढे स्वित्झर्लंडमध्ये रेसर्पीन वेगळे काढले गेले. हे रेसर्पीन देऊन निश्चल केलेल्या सशांना अर्विद कार्लसन ह्यांनी १९५७ साली स्वीडनमध्ये डोपा टोचला आणि ते ससे उठून हिंडू लागले. १९६० साली व्हिएन्नात ओलेह होर्निकेविच ह्यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंत डोपामीनची उणीव दाखवली. पुढल्याच वर्षी वॉल्टर बिर्कमायर ह्यांच्यासह रुग्णांना लेव्होडोपा टोचून पाहिला. कार्लसन ह्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे दोन्ही वनस्पती आपल्या, त्यांवरचे आधुनिक काम सुरू करणारी काही माणसेही आपली. गाठ मात्र लुंड आणि व्हिएन्नात मारली गेली. ह्याचा सल धरून बसण्यात अर्थ नाही, शास्त्र हे कुणाच्या वाडवडिलांचे वतन नसते. परंतु ‘आमच्याकडे आधीच होते’ म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे, की आपल्याकडे बी होते. ते कशामुळे गुण देते हे विचारणारी, एकमेकींच्या शेजारी असलेली रसायनशाळा, प्राणिशाळा आणि शवविच्छेदनगृह ही साखळी आपण उभी केली नव्हती. परंपरेचा खरा अभिमान असेल, तर तो आज कवचबीजाच्या काटेकोर चाचण्यांना लागणाऱ्या पैशात दिसावा. १९७८ साली मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अभ्यासाचा पाया घातला होता. अभिमान भाषणांत आणि अनुदान शून्य, ही परंपरेची सेवा नव्हे.

ह्या तिन्ही कारणांच्या मुळाशी मला एकच वृत्ती दिसते. आपल्याला करुणा समजते, कुतूहलावर पैसा घालणे समजत नाही. आपण चाकाची खुर्ची देतो, रुग्णवाहिका देतो, इस्पितळाचा मजला देतो, कारण त्यावर नाव कोरता येते आणि फीत कापता येते. दीर्घ अभ्यासाला कोनशिला नसते. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायला लावले. २०१९ मधल्या दुरुस्तीने सार्वजनिक विद्यापीठे आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांतील संशोधनालाही त्यातून पैसा देण्याची मुभा दिली. मुभा आहे, मागणारा आणि देणारा ह्यांची गाठ क्वचितच पडते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळासारखी संस्था रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना आधार देते, त्या कामापुढे मी नतमस्तक आहे. पण आधार देणाऱ्यांच्या खांद्यावर संशोधनाचेही ओझे टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही.

म्हणून मागणी नेमकी असावी. एक : पार्किन्सन्ससारख्या मेंदूच्या ऱ्हासविकारांसाठी किमान पंधरा वर्षांची, सरकार बदलले तरी न तुटणारी तरतूद; त्यात शहरांबरोबर शेतमजुरांचे जिल्हेही असावेत. दोन : कण्यातील द्रवावरून रक्त, त्वचा आणि आवाजाकडे येणाऱ्या स्वस्त खुणांना अग्रक्रम. तीन : फसलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची सक्ती, कारण त्यासाठीही पैसे आपणच मोजलेले असतात. चार : बंगळुरूच्या निमहान्समध्ये १९९५ पासून मानवी मेंदूंचे जतन करणारी पेढी आहे, तशी सोय आणखी ठिकाणी व्हावी, आणि मृत्यूनंतर मेंदू देण्याविषयी नेत्रदानाइतक्या सहजपणे बोलले जावे. होर्निकेविच ह्यांना मेंदू मिळाले नसते, तर लेव्होडोपा रुग्णांपर्यंत कधी आला असता कोण जाणे.

राहता राहिला शेवटचा प्रश्न : साहित्याच्या माणसांनी ह्यात का पडावे? कर भरणारे म्हणून तर आहेच. पण आपल्या व्यवसायाचाही येथे संबंध आहे. अमेरिकेत तयार झालेल्या प्रसिद्ध गंधचाचणीत पम्पकिन पाय आणि रूट बिअरचे वास ओळखायचे असतात. साताऱ्याच्या आजीला ते ओळखता आले नाहीत, तर तिची घ्राणशक्ती गेली असे म्हणायचे काय? हिंग, कापूर, केवडा, रॉकेल, पहिल्या पावसाची माती ह्यांतून तिची परीक्षा व्हायला हवी. आणि परिचित भारतीय वासांवर आधारलेल्या चाचणीचे काम आपल्याकडे झालेही आहे. आवाजावरून रोग ओळखण्याचे प्रयोग इंग्रजी, स्पॅनिश, चेक अशा भाषांत पुढे गेले आहेत. मराठीतले ख, घ, भ हे महाप्राण उच्चार क्षीण होत जाणाऱ्या श्वासाबरोबर कसे बदलतात, हे भाषाशास्त्रज्ञाने सांगायचे नाही तर कोणी? देवनागरीत अक्षर बारीक होते तेव्हा शिरोरेषा आधी आखडते की वेलांटी आधी मिटते? अभ्यासात सामील होणाऱ्या रुग्णापुढे जे संमतिपत्र ठेवतात, त्यातले मराठी वाचून कुणीही शहाणा माणूस सही करणार नाही; ते नीट लिहिणे हे आपले काम आहे. ह्यांतला प्रत्येक प्रश्न संशोधनाचा आहे आणि प्रत्येकाला पैसा लागतो. मागितल्याशिवाय तो मिळणार नाही, आणि आपल्या विद्यापीठांनी तो मागितल्याचे मी अद्याप ऐकलेले नाही.

सर आता नाहीत. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना लिहिता येत नव्हते, बोलणे कानाशी तोंड नेऊन ऐकावे लागे. त्यांच्या घरी लोखंडी कपाटात चाळीस वर्षांच्या वर्गटिपणांच्या वह्या आहेत, प्रत्येक पानावर तारीख घातलेली. निरोगी हातापासून थरथरत्या हातापर्यंतचा सगळा प्रवास त्यांत आहे. अशी कपाटे महाराष्ट्रातल्या कितीतरी निवृत्त शिक्षकांच्या घरी असतील. मागच्या दिवाळीत सरांच्या मुलीने मला विचारले, ‘दादा, ह्या वह्यांचे काय करू? रद्दीवाला किलोवर घेतो म्हणतो.’ मी तिला थांब म्हणालो. कुणासाठी थांबायचे, हे मात्र मला तिला सांगता आले नाही.